ज्वारी ६४ रुपये किलो झाली म्हणून घरातली भाकरी बंद करायची का? (घरखर्चाचा हिशोब)

हिशोबाची_वही
नमस्कार मंडळी. विषय अगदी घरगुती आहे आणि लिहिता लिहिता लांबणार आहे, तेवढं सांभाळून घ्या.

आम्ही पुण्यात, मी, नवरा, नववीतला मुलगा आणि सासूसासरे. सासरे करमाळ्याकडचे, दोन्ही वेळा भाकरी लागते, पोळी खाल्ली की म्हणतात पोट भरलं पण जेवल्यासारखं वाटलं नाही. इतकी वर्षं सासूबाई करायच्या. जूनमधे त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून त्यांना ओट्याशी उभं राहवत नाही. माझी नोकरी साडेनऊची, पोळ्यांना मावशी येतात पण भाकरीला त्या नाही म्हणाल्या, एका घरी भाकऱ्या करत बसलं तर पुढच्या तीन घरी उशीर होतो म्हणे, आणि ते खरंच आहे. मग जवळच्या पोळीभाजी केंद्रातून रोज चार भाकऱ्या आणायला लागलो, १८ रुपयाला एक.

परवा नवरा म्हणाला, अगं ज्वारी ६४ रुपये झालीय, गहू ३८, आपण बाबांना हळूहळू पोळीवर आणू. मला ते मनाला लागलं म्हणून मी तीन महिन्यांची वही काढून बसले. सरासरी महिन्याचं खाणं असं निघालं: गहू तांदूळ मिळून ११५०, डाळी कडधान्यं ९००, तेल ७५०, दूध दही ३९००, भाजी आणि फळं ३४००, अंडी चिकन ११००, बिस्किटं वेफर्स नूडल्स फरसाण कोल्ड्रिंक हे सगळं मिळून २३५० (हा आकडा मी दोनदा बेरीज करून बघितला), बाहेर खाणं आणि मागवणं ४६००, आणि केंद्रातल्या भाकऱ्या २१६०.

आता भाकरीचं बघा. किलोभर पिठात आमच्याकडे साधारण तेरा भाकऱ्या होतात. ज्वारी ६४, दळण ८, म्हणजे भाकरी पडली साडेपाच रुपयाला. महिन्याच्या एकशेवीस भाकऱ्या म्हणजे सव्वानऊ किलो, साडेसहाशे-पावणेसातशे रुपये. तेवढाच गहू घेतला असता तर सव्वाचारशे. म्हणजे ज्वारी महाग म्हणून जो फरक पडतो तो अडीचशेच्या आत आहे, एका पिझ्झाएवढासुद्धा नाही, आणि आपण करत नाही म्हणून जो पडतो तो दीड हजार. दाण्याचे साडेपाच आणि हाताचे साडेबारा. आणि आम्ही दोष देतोय दाण्याला.

तर प्रश्न असा की तुमच्याकडे भाकरी अजून होते का, कोण करतं, कधी करतं, आणि हिशोब कसा बसवता? बाबांची भाकरी मला बंद करायची नाहीये.

सवाआठची_लोकल
ताई अगदी माझं घर लिहिलंत. डोंबिवलीला राहते, साडेपाचला उठते. मला भाकरी उत्तम येते, आईने बाराव्या वर्षी शिकवलीय. पण पोळीचं कसं आहे, पहाटे वीस लाटून डब्यात टाकल्या की रात्रीपर्यंत काम भागतं. भाकरी तव्यावरून ताटात पडायला पाहिजे, म्हणजे घरातले जेवत असताना एकीनं ओट्याशी उभं राहायचं आणि शेवटी एकटीनं जेवायचं. माझी आई जन्मभर तशी जेवली. मी माझ्या घरात भाकरी कमी केली ती महाग म्हणून नाही, मला सगळ्यांबरोबर बसून गरम जेवायचं होतं म्हणून. ह्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही पण भाकरीची आठवण मात्र येते.

भाकरीवाली
मी केंद्र चालवते, तुमच्या गावात नाही, दुसऱ्या शहरात. रोज दीडशे ते दोनशे भाकऱ्या जातात. त्या साडेबारा रुपयांबद्दल बोलायचंय ताई, राग मानू नका. ते सगळे हाताचे नाहीत.

आमची भाकरी जरा मोठी असते, पीठ सहा रुपयाचं जातं. गॅस दोन रुपये धरा, कारण कमर्शियल सिलिंडर लागतो, घरगुती चालत नाही. फॉइल पिशवी एक रुपया. गाळ्याचं भाडं आणि लाइट दोन रुपये. संध्याकाळी उरतात त्या मोडाव्या लागतात, त्याचा एक रुपया. राहिले सहा. त्या सहा रुपयात माझी मदतनीस आणि मी. दीडशे भाकऱ्या थापल्यावर मनगट कसं होतं ते थापणाऱ्यालाच माहिती, रात्री तेल लावून फडकं बांधून झोपते. वाफेनं बोटांची टोकं इतकी पोळलीत की आता गरम काही कळतच नाही.

बायका येतात आणि म्हणतात, पोळी दहाला मग भाकरी अठराला का? अहो पोळी लाटणारी मशीन मिळते, भाकरीचीसुद्धा निघालीत म्हणतात पण आमच्या गिऱ्हाईकाला थापलेलीच लागते, बोटांचे ठसे दिसले पाहिजेत. तेव्हा १८ मला कमीच वाटतात.

हिशोबाची_वही
भाकरीवाली ताई, मनापासून आभार, हा हिशोब मला माहीत नव्हता. आम्ही ज्यांच्याकडून घेतो तिथे एकदोनदा तांदळाचं पीठ जास्त लागलं म्हणून मी मनात चिडून होते, पण किंमत जास्त वाटली ती चूक माझी. वहीत दुरुस्ती केलीय, साडेबारा हाताचे असं नाही, सहा हाताचे.

काळंरान
राम राम. मंगळवेढ्याच्या शिवारातला माणूस आहे, ज्वारी पिकवतो, आमच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. हाताचा विषय निघालाच आहे तर शेतातला हातपण मोजा.

आमची मालदांडी जातीची ज्वारी रब्बीची, सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची आणि जमिनीतल्या ओलीवर येते, पाटाचं पाणी नाही. चांगल्या वर्षी एकरी पाच पोती, क्विंटलची. गहू कसा, हार्वेस्टर आलं, तासाभरात एकर मोकळं, दोन-अडीच हजारात काम, आणि पीक बारा-पंधरा क्विंटल. म्हणजे किलोमागं दोन रुपयेसुद्धा पडत नाहीत. ज्वारी आम्ही मुळासकट उपटून काढतो कारण कडबा अख्खा पाहिजे, जनावरं त्याच्यावर जगतात. पहाटे दंव असतं तोवर टोळी कामाला लागते, ऊन चढलं की पात्यानं हात कापतात. मग पेंढ्या बांधायच्या, कणसं खुडायची, मळणी करायची, मळणीत जी कूस उडते तिची खाज दोन दिवस जात नाही. हल्ली तरुण पोरं या कामाला येतच नाहीत. मागच्या साली मी काढणीचे एकरी सात हजार मोजले. पाच क्विंटलवर वाटले तर किलोला चौदा रुपये नुसती काढणी. पेरणी, कोळपणी, पाखरं राखणं हे वेगळंच.

सरकारचा हमीभाव २०२५-२६ ला मालदांडीला क्विंटलला ३७४९ होता, गव्हाला २४२५. तुम्ही ६४ देता, मला पस्तिशीच्या आसपास मिळतात. कडबा आहे म्हणून परवडतं, कडब्यावर काढणीचा खर्च निघतो. ज्याच्याकडं जनावर नाही तो ज्वारी पेरायचं सोडून देतो. २०२३ ला पाऊस गेला तेव्हा ज्वारीचा भाव आभाळाला भिडला होता, सगळे म्हणायचे शेतकऱ्याची चांदी, पण माझ्या रानात तेव्हा विकायला दाणाच नव्हता, पेरलेलं उगवलंच नाही.

एकेकाळी महाराष्ट्रात खरीप रब्बी मिळून ६० लाख हेक्टरच्या पुढं ज्वारी होती, आता २० लाखाच्या आत आली. खरिपाची जागा सोयाबीननं घेतली, आमच्याकडं उसानं. मी कुणाला नावं ठेवत नाही, ज्याला जे परवडतं ते तो पेरतो.

मांजराकाठ
काका बरोबर बोललात. आम्ही लातूरकडचे. माझ्या माहेरी आजी होती तोवर गहू म्हणजे सणाची पोळी, पाव्हणा आला तर पोळी, बाकी रोज जोंधळ्याची भाकरी. आता उलटं झालंय, रोज पोळी आणि पाव्हणा आला की शेतातल्या हुरड्याची नाहीतर ठेच्याभाकरीची पार्टी.

एक गोष्ट कुणी बोललं नाही ती म्हणजे रेशन. आमचं कार्ड प्राधान्य कुटुंबाचं, माणशी पाच किलो, आणि २०२३ पासून तेसुद्धा फुकट. येतं काय तर गहू आणि तांदूळ. आता सांगा, घरात पंचवीस किलो फुकटचं धान्य पडलं असताना खिशातून पैसे देऊन ज्वारी कोण आणणार? माझी आई मजुरीला जायची तिला भाकरीच पाहिजे असायची, उन्हात टिकाव लागतो म्हणायची, पण शेवटी तीसुद्धा पोळी खायला लागली. मधे काही महिने रेशनला गव्हाऐवजी ज्वारी आली तेव्हा आई इतकी खूश झाली होती, पण ती हायब्रिड निघाली, भाकरी काळपट, चव नाही, दुसऱ्या दिवशी वातड. लोक म्हणाले आमचा गहूच द्या. कायद्यात भरडधान्य आहे, पण चांगल्या जातीचं आणि त्याच जिल्ह्यातलं आलं तर लोक खातील. हे मी मनापासून सांगते.

आजी सांगायची बहात्तरच्या दुष्काळात अमेरिकेची लाल मिलो ज्वारी खाल्ली, सुकडी खाल्ली, पण पाऊस पडून पहिली पांढरी ज्वारी आली तेव्हा तिने पहिली भाकरी चुलीपुढे ठेवून हात जोडले होते.

पोषणवाट
मी गृहविज्ञान शिकवते, थोडं पोषणाचं लिहू का, कारण पुढे कुणीतरी नक्की येऊन म्हणणार की ज्वारी म्हणजे अमृत आणि गहू म्हणजे विष.

राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते आहेत, त्यात शंभर ग्रॅम ज्वारीत प्रथिनं साधारण १० ग्रॅम, तंतू १० ग्रॅम, लोह ४ मिलिग्रॅम. गव्हाच्या कणकेत प्रथिनं साडेदहा, तंतू ११ च्या पुढे, लोह ४. म्हणजे चक्कीवर दळलेला, न चाळलेला गहू आणि ज्वारी जवळपास सारखेच आहेत. खरा फरक पडतो पॉलिश तांदळाशी, त्यात तंतू ३ सुद्धा नाहीत, आणि मैद्याशी. बाजरीत लोह साडेसहाच्या आसपास आणि नाचणीत कॅल्शियम ३६० मिलिग्रॅमच्या वर, ही दोन धान्यं मात्र त्यांच्या जागी एक नंबर. ज्यांना ग्लुटेन चालत नाही त्यांच्यासाठी ज्वारी वरदान आहे, तिथे शंकाच नाही, फक्त गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ दळू नका.

मधुमेहाचे लोक विचारतात भाकरी कितीही चालेल ना? नाही चालत. पिष्ट तिच्यातही आहे. दोन भाकऱ्यांच्या जागी एक आणि वाटीभर मोडाची उसळ असं करा. २०२४ च्या नव्या आहार मार्गदर्शक सूचनांमधे म्हटलंय की धान्यांतून मिळणारी ऊर्जा ४५ टक्क्यांच्या वर जाऊ नये, आपल्याकडे बहुतेकांची ती ५० ते ७० टक्के असते. आपलं ताट धान्यानं भरलेलं आणि डाळ पातळ, खरी अडचण ती आहे.

आणि हिशोबाची_वही ताई, तुमचा डाळी कडधान्यांचा आकडा ९०० आणि वेफर्स बिस्किटांचा २३५० हे वाचून मला जास्त काळजी वाटली. पण तुम्ही एकट्या नाही. २०२२-२३ च्या सरकारी उपभोग खर्चाच्या पाहणीत शहरी कुटुंबाच्या एकूण खर्चात तृणधान्यांचा वाटा ३.६४ टक्के, आणि पेयं आणि प्रक्रिया केलेलं खाणं १०.६४ टक्के. खेड्यात ४.९१ आणि ९.६२. धान्यावर जेवढं आपण घासाघीस करतो त्याच्या दुप्पट-तिप्पट पैसा पाकिटबंद आणि तयार खाण्यावर जातो आणि तिथे कुणी भाव विचारत नाही.

हिशोबाची_वही
खरंय पोषणवाट ताई, काल वाण्याकडे मी ज्वारीला दोन रुपये कमी करा म्हटलं आणि त्याच बिलात मुलाने टाकलेली चार पाकिटं निमूट घेतली. तुमचं वाचल्यावर ते आठवून रात्री नीट झोप आली नाही. मुलाशी बोलले, ओरडले नाही, वही त्याच्यापुढे ठेवली. म्हणाला, आई मला क्लासहून आल्यावर भूक लागते आणि घरात पटकन खायला दुसरं काही नसतं. हेही खरंच ना. ज्वारीच्या लाह्या, भाजलेले शेंगदाणे, उकडलेली अंडी असं समोर डब्यात ठेवायला सुरुवात केलीय.

तवा_तापला
पुरुष माणूस आहे, वय ५२, दोन वर्षांपूर्वी बायकोचा हात फ्रॅक्चर झाला तेव्हा भाकरी शिकलो. जे नवीन शिकतायत त्यांच्यासाठी लिहितो कारण मला कुणी नीट सांगितलं नव्हतं आणि पंधरा दिवस मी नुसते नकाशे केले.

पीठ ताजं पाहिजे, ही पहिली गोष्ट. दळून महिना झाला की पिठाची विरी म्हणजे चिकटपणा जातो, मग कितीही मळा, थापताना काठाला चिरा पडतात. पंधरा दिवसांपुरतंच दळून आणा. दुसरं, पाणी कडकडीत गरम. परातीत एका भाकरीपुरतंच पीठ घ्यायचं, मधे खळगा करून गरम पाणी, आधी चमच्यानं कालवायचं, मग तळहातानं रेटून रेटून मळायचं, अगदी लोण्यासारखं होईपर्यंत. मी तिथेच कमी पडायचो, दोन मिनिटं मळून थापायला घ्यायचो. गोळा करून खाली कोरडं पीठ भुरभुरायचं, बोटांनी थापत गोल फिरवायचं, जोर मधे नाही, कडेला. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर आली पाहिजे, तिच्यावर लगेच हातानं पाणी फिरवायचं, पाणी सुकायच्या आत उलटायचं, उशीर झाला की तडकते. दुसरी बाजू नीट भाजली की तवा काढून थेट आचेवर. टम्म फुगली आणि पापुद्रा सुटला की जो आनंद होतो तो मला ऑफिसच्या कुठल्या प्रमोशनला झाला नाही.

आता रविवार आणि बुधवार रात्रीच्या भाकऱ्या माझ्या. बायको पहिल्यांदा ताटावर बसून गरम भाकरी जेवली तेव्हा गप्प झाली होती. सवाआठची_लोकल ताईंनी लिहिलेलं वाचून मला ते आठवलं.

सवाआठची_लोकल
दादा, हे तुमचं लिहिलेलं मी नवऱ्याला वाचून दाखवलं. शनिवारी बसतो म्हणालेत परातीशी.

दूरदेशी
न्यू जर्सीहून. इथे गुजराती दुकानात ज्वारीचं पीठ मिळतं पण दळून किती महिने झालेत कुणास ठाऊक, विरी पार गेलेली असते. मी उकड काढते: जेवढं पीठ तेवढंच पाणी, चिमूट मीठ, उकळी आली की गॅस बंद करून पीठ घालायचं, झाकून दहा मिनिटं, मग कोमट असताना मळायचं. पोळीसारखी लाटतासुद्धा येते. थापलेल्या भाकरीची चव नाही येत हे कबूल, पण मुलं पिठल्याबरोबर खातात. ज्या घरात थापायला कुणी नाही तिथे पोळीवाल्या मावशींनासुद्धा हे जमेल, एकदा उकड करून ठेवली तर त्यांचा वेळ वाचतो.

हिशोबाची_वही
तीन आठवड्यांनी परत येतेय, काय झालं ते सांगायला.

दूरदेशी ताईंची उकड मावशींना दाखवली. सकाळी मी उकड काढून झाकून जाते, त्या पोळ्यांबरोबर दोन भाकऱ्या लाटून देतात, महिन्याला ४०० वाढवून मागितले ते लगेच दिले. दुपारच्या दोन झाल्या. रात्रीच्या सोमवार ते शुक्रवार केंद्रातून आणतो, आता पैसे देताना भाव काढत नाही. शनिवार-रविवार नवरा आणि मुलगा. सासूबाई खुर्ची टाकून परातीशेजारी बसतात आणि सांगतात, अजून मळ, अजून मळ. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा त्या स्वयंपाकघरात आल्या. त्यांना ओट्याशी उभं राहता येत नाही एवढंच आम्ही धरून बसलो होतो, त्यांना शिकवता येतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

महिन्याचा भाकरीचा खर्च साधारण २१६० वरून सोळाशेच्या आसपास येईल. पाकिटांचा आकडा या महिन्यात १४०० वर आलाय, वाचलेल्यातले पाचशे मी डाळी-कडधान्यांकडे वळवलेत.

मुलाने केलेली पहिली भाकरी तव्यावरच तीन तुकडे झाली, तो रडवेला झाला. बाबांनी ते तुकडे वाटीत घेतले, वर गरम दूध ओतलं, गूळ घातला आणि कुस्करून खाल्ले. म्हणाले, लहानपणी मोडलेली भाकरी माझ्याच वाट्याला यायची कारण मी धाकटा.

काळंरान काका, तुमच्याकडून थेट पोतं मागवायचं ठरलंय, आमच्या सोसायटीतली चार घरं मिळून एक क्विंटल घेणार. ५० रुपयांनी तुम्हाला चालेल का ते मेसेजमधे कळवा, गाडीभाडं आमच्याकडे. फक्त पुण्याच्या फ्लॅटमधे धान्य टिकवायचं कसं तेवढं सांगा.

काळंरान
५० चालतात ताई, मार्केटला नेण्यापेक्षा पंधरा रुपये जास्तच पडतील. पण आत्ता जुना माल दीड पोतंच शिल्लक आहे, तो घरच्याला आणि बियाण्याला. नवी मळणी मार्चमधे होईल तेव्हा पाठवतो, थांबायची तयारी ठेवा.

माल आला की दोन दिवस गच्चीत कडक उन्हात पसरा, दाताखाली दाणा टचकन फुटला पाहिजे. मग गार होऊ द्या, गरम गरम कोठीत भरलं की आत घाम धरतो आणि सोंडे होतात. कडुलिंबाचा पाला सावलीत वाळवून थराथरात घाला. पावसाळ्याच्या आधी मे महिन्यात परत एकदा ऊन द्या. आणि मुलाला घेऊन जानेवारीत या, हुरडा धरलेला असतो तेव्हा.

मांजराकाठ
काका, पुढच्या खेपेला आमचंही अर्धं पोतं धरा. आईला विचारते आणि सांगते.